भुवयांपर्यंत पाणी

बाबांना पोहता येत नव्हतं. आईला यायचं.

*

जालन्याला आत्याकडे एक पितळी वाटी आहे. तिच्यात कुणी काही खात नाही. घासतात आणि परत फडताळात ठेवतात.

*

पेटीची एक काळी पट्टी थंडीत चिकटायची. बाबा ती पट्टी टाळून अख्खं गीत वाजवायचे. कुणाला कळायचं नाही.

*

देवळातल्या हौदात सापडलेला बेडूक वानखडे वडिलांनी हातरुमालात धरून बाहेर नेला. ते परत येईपर्यंत उपासना थांबली होती.

*

"पुरलेल्या माणसाचं कपाळ बाहेर राहते काय जी?"

*

पांढरा झगा ओला झाला की फार जड होतो.

*

मी पेटीवर बसले होते. ती बाबांची जागा. पण त्या रविवारी बाबा स्वतःच पाण्यात उतरणार होते, म्हणून पेटी माझ्याकडे आली होती. माझी बोटं पट्ट्यांवर होती आणि डोळे वानखडे वडिलांच्या तोंडावर.

आमच्या सावळीखेडच्या मंडळीत बाप्तिस्म्याची रीत अशी होती. व्यासपीठावरचं पुलपिट, म्हणजे उपदेशाचं उंच मेज, बाजूला सरकवायचं, फळ्या उचलायच्या. खाली सिमेंटचा हौद. पाळक कमरेएवढ्या पाण्यात उभे राहतात आणि माणसाला मागे कलवून बुडवतात. काठावर वडीलजनांपैकी, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांपैकी, एक जण वाकून बघत असतो. पाणी माणसाच्या डोक्यावरून पूर्ण गेलं की तो मोठ्यानं म्हणतो, "झाकला!" बाई असली तर, "झाकली!" मग पाळक माणसाला वर काढतात, पेटी सुरू होते, मंडळी गाते. तो शब्द आल्याशिवाय पेटीला हात लावायचा नाही.

ही रीत एका जुन्या मिशनरीनं पाडली म्हणतात. त्याला चष्म्याशिवाय दिसायचं नाही आणि चष्मा लावून पाण्यात उतरता यायचं नाही.

काठावर वानखडे वडील होते. जंगल खात्यातून निवृत्त झालेला माणूस, अजून खाकी पँट घालायचा. हौदात आमचे पाळक तायडे. आणि त्यांच्यासमोर, छातीएवढ्या पाण्यात, माझे बाबा. शांतवन रणपिसे. सगळे मास्तर म्हणायचे, कारण मिशनच्या शाळेत ते गाणं शिकवायचे. उंचीनं लहान. भांग तेल लावून बसवलेला. झग्याच्या बाह्या त्यांना लांब होत होत्या म्हणून मी सकाळी दोन टाके घातले होते.

ते माझ्याकडे बघत नव्हते. पेटीकडे बघत होते.

*

इथवर त्यांना आणायला मला अख्खा उन्हाळा लागला होता.

बाबा मूळ जालन्याकडचे. तिकडच्या मंडळीत तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी घालून बाप्तिस्मा देतात. बाबांचा तसाच झाला होता. आई मात्र इथली, बॅप्टिस्ट. इथं बाळाचा बाप्तिस्मा बाप्तिस्माच नाही. माणसानं स्वतः विश्वास धरायचा, स्वतःच्या तोंडानं सांगायचं आणि मग पूर्ण बुडायचं. लग्न करून बाबा इकडे आले तेव्हा त्यांना सांगण्यात आलं: या, बसा, वाजवा, पण सभासद व्हायचं तर हौदात उतरावं लागेल. बाबा म्हणाले, माझं झालेलं आहे. ते म्हणाले, झालेलं नाही. तिथंच ते थांबलं आणि थांबून राहिलं.

सभासद नाही म्हणून बाबांना प्रभुभोजनात भाकर मिळायची नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकरीचं ताट बाकाबाकांवरून फिरायचं. त्या वेळी बाबा डोळे मिटून हळू काहीतरी वाजवत असायचे. ताट त्यांना वळसा घालून पुढे जायचं. लहानपणी मला वाटायचं, दोन्ही हात पेटीवर आहेत म्हणून बाबा खात नाहीत. मी आईला म्हणायचे, "त्यांचा तुकडा ठेव ना बाजूला, नंतर खातील." आई माझ्या मांडीला चिमटा काढायची.

मग आई गेली. आणि आई गेली त्याच वर्षी वानखडे वडिलांनी कमिटीत ठराव आणला: उपासनेत सेवा करणारा प्रत्येक जण सभासद पाहिजे. वाचन करणारा, दान गोळा करणारा, पेटी वाजवणारा.

"पेटी वाजवणारा कोण आहे दुसरा?" मी घरी ओरडले. "एकच आहे! नाव लिहून आणायचं होतं सरळ!"

बाबा जेवत होते. "मीठ दे," म्हणाले.

*

"एक डुबकी मारायचीय, बाबा. नदीत पाय घसरून पडला असता तर तेवढंच झालं असतं."

"पडलो असतो तर काठावर कुणी बघायला नसतं."

"मी तुमच्यासाठी म्हणतेय."

"माझा झालाय बाप्तिस्मा."

"वाटीभर पाण्याचा! तुम्हाला आठवतो तरी का?"

"तुझा जन्म तुला आठवतो? मग झाला नाही का?"

मी बावीस वर्षांची होते. त्याच शाळेत मराठी शिकवत होते. पोरांना एक गोष्ट चारदा समजावून सांगायची मला सवय होती. बाबांना मी चाळीसदा सांगितली. देवाला काय फरक पडतो, पाळकांना काय फरक पडतो, मेलेल्या आईला काय फरक पडणार. फरक फक्त तुम्हाला पडणार, पेटी जाणार तुमची. रविवारी सकाळी उठून काय करणार? पेपर वाचणार?

ते ताट धुवायला उठले. आई गेल्यापासून स्वतःचं ताट स्वतः धुवायचे.

इंगळेकाका घरी येऊन गेले. तेही वडीलजनांपैकीच, पण शिवणकामाचं दुकान होतं त्यांचं आणि स्वभावानं सैल. सगळ्यांचे पांढरे झगे तेच शिवायचे. "मास्तर," ते म्हणाले, "क्रुसावर येशूच्या बाजूले तो चोर होता, तसाच स्वर्गात गेला, त्याले कोण बुडवाले गेलं होतं? पाण्यानं काही होत नाही हे आपणच शिकवतो अन् पाण्यासाठी भांडतोही आपणच. पण आता हाय ना नियम. एक मिनिटाचं काम हाय. झगा मी नवा शिवून देतो."

"पाण्यानं काही होत नाही ना?" बाबा म्हणाले.

"नाही."

"मग माझं झालंय ते चालू दे."

इंगळेकाका हसायला लागले. मला हसू आलं नाही.

मे महिन्याच्या शेवटी एका सकाळी बाबा अंगणात दाढी करत होते. आरशात बघतच म्हणाले, "सांग तायड्यांना. उतरतो म्हणावं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"राहिलेलं भिजवून घेतो," ते म्हणाले, आणि गालावरचा साबण पुसला.

मी त्या वाक्याकडे लक्षच दिलं नाही. मी धावत पाळकांच्या बंगल्यावर गेले.

*

व्हायला हवं होतं ते असं:

पाळक विचारतात, तुमचा विश्वास आहे का. बाबा म्हणतात, आहे. पाळक त्यांच्या नाकावर रुमाल धरतात, पाठीला हात लावतात, मागे कलवतात. पाणी डोक्यावरून जातं. वानखडे वडील म्हणतात, "झाकला!" मी पेटी सुरू करते. बाबा वर येतात, तोंडावरून हात फिरवतात, मी कुठं चुकते का ते ऐकतात. पुढचा रविवार महिन्याचा पहिला. ताट येतं. बाबा पेटीवरचा एक हात उचलतात.

एवढंच. याच्यापेक्षा जास्त मी कधीच काही मागितलं नव्हतं.

*

झालं ते असं:

पाळकांनी विचारलं. बाबा म्हणाले, "आहे." आवाज चांगला खणखणीत. नाकावर रुमाल आला. पाळकांनी मागे कलवलं. खांदे गेले, मान गेली, कान गेले. आणि बाबांनी हनुवटी छातीला लावली.

पाणी तोंडावरून वर आलं, नाकावरच्या रुमालावर आलं, डोळ्यांवर आलं. भुवयांपर्यंत आलं आणि थांबलं.

पाळकांनी जोर लावला. पाळक तायडे उंच, तरणेबांड, सेमिनरीत व्हॉलीबॉल खेळलेले. बाबांची मान हलेना. पाण्याखाली त्यांचे डोळे उघडे होते. वर कपाळ, आणि कपाळावर भांग, जसा घरून निघताना होता तसाच.

वानखडे वडील आणखी वाकले. त्यांचं तोंड उघडलेलं होतं. शब्द निघत नव्हता.

सगळी मंडळी वाट बघत होती. पाळकांनी बाबांना थोडं वर घेतलं, पुन्हा दाबलं. पुन्हा भुवया. एक बाई म्हणाली, "गुदमरन ना तो!"

मी पेटी सुरू केली.

शब्द आला नव्हता. मी भाता मारला आणि गीत सुरू केलं, जोरात, सगळ्या पट्ट्या दाबून. पुढच्या बाकांवरच्या बायका सवयीनं गायला लागल्या. मागचे पुरुष अर्धवट. पाळकांनी बाबांना वर काढलं. बाबा खोकले. आणि खोकता खोकता माझ्याकडे बघून त्यांनी हातानं खूण केली: लय जास्त झालीय, हळू.

वानखडे वडील सरळ उभे राहिले. ते गात नव्हते.

*

उपासना संपल्यावर आम्ही देवळामागच्या खोलीत बसलो. पाळक लुंगी नेसून, इंगळेकाका, वानखडे वडील, बाबा खांद्यावर टॉवेल घेऊन. मला बोलावलेलं नव्हतं. चहा घेऊन गेले आणि दारात उभी राहिले.

"पाणी कमी होतं थोडं," पाळक म्हणाले. "आणखी चार बादल्या पाहिजे होत्या."

"पाणी बरोबर होतं," वानखडे वडील म्हणाले. "मास्तरच्या आधी तीन जण गेले त्याच पाण्यातून. तिन्हीले मी झाकला म्हटलं."

"वडील, इंचभराचा प्रश्न आहे हो."

"इंच कायचा, फूट कायचा? पाळकसाहेब, तुम्हीच उपदेश केला ना, बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरणं हाय म्हणून? पुरलेल्या माणसाचं कपाळ बाहेर राहते काय जी?"

"मंडळीनं गीत म्हटलं," इंगळेकाका म्हणाले. "गीत झालं म्हणजे झालं. कदी पाहिलं का तुम्ही, गीत झालं अन् बाप्तिस्मा नाही झाला?"

"गीत या पोरीनं वाजवलं. माझ्या तोंडातून शब्द नव्हता निघाला."

"मग काढायचा होता तुम्ही!" मी दारातून म्हणाले. "एक शब्द! काय गेलं असतं तुमचं?"

वानखडे वडिलांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, ओरडतील. ते चहाच्या ग्लासाकडे बघत म्हणाले, "माझ्या बायकोचा बाप्तिस्मा झाला तवा मीच होतो काठावर. तिची वेणी वर तरंगली. एवढीशी, शेंडा. मी म्हटलं, नाही झाकली. दुसऱ्यांदा बुडवली तिले. आठ दिवस तापली ती. आजवर ऐकवते मले. अन् मास्तरसाठी मी डोळे मिटू? तिच्यासमोर जेवायले कसा बसू मी?"



मग इंगळेकाकांनी तोड काढली. अजूनही मला वाटतं, चांगली तोड होती. ते बाबांकडे वळले. "मास्तरले पोहता येत नाही. पाण्यात गेले की जीव घाबरते माणसाचा. मान आखडली. त्यांच्या मनात होतं ना बुडाचं? होतं. शरीर घाबरलं. आता भीतीच्या माणसाले देव इंच मोजून घेते काय? भीतीनं राहिलं असं धरू, अन् तुम्ही सांगा वडील, अशा वेळी काय करायचं."

वानखडे वडिलांनी चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाले, "भीतीनं असन तं गोष्ट वेगळी हाय. अंथरुणावरच्या माणसाले आपण वरून पाणी घालतोच. भीती बी आजारच." त्यांनी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच विनंती होती. "मास्तर, घाबरले ना तुम्ही?"

पाळक म्हणाले, "हो ना मास्तर?"

मी म्हणाले, "घाबरलेच ते! लहानपणापासून घाबरतात. विहिरीवरसुद्धा जात नाहीत."

सगळे बाबांकडे बघत होते. फक्त मान हलवायची होती. ती मान, जी अख्ख्या मंडळीदेखत पाण्याखाली हलली नव्हती.

"मी घाबरलो नाही," बाबा म्हणाले.

"बाबा!"

"घाबरलो नाही. चांगलं होतं पाणी. गार."

"मग मान काऊन धरली?" वानखडे वडील म्हणाले.

बाबांनी टॉवेलचं टोक घेतलं, कान पुसले, मान पुसली. मग बोट कपाळावर ठेवलं.

"इथं झालेलं आहे," ते म्हणाले. "बाकी सगळा राहिलो होतो असं तुमचं म्हणणं. बरं. बाकी सगळा तुमच्या हवाली केला. ही जागा झालेली आहे. तिच्यावर पुन्हा पाणी घालून घेणार नाही."



"तुम्ही पुरणं म्हणता," बाबा वानखडे वडिलांना म्हणाले, अगदी शांतपणे, शाळेत सूर समजावून सांगायचे तसे. "मग पुरलेलं पुन्हा उकरता का?"

वानखडे वडिलांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "खरं बोलले," ते म्हणाले. "पण आता मी काय करू? आता तं काहीच करता येत नाही."

पाळकांनी डोक्याला हात लावला. त्यांच्या केसांतून अजून पाणी गळत होतं.

*

घरी जाताना मी पुढे चालत होते.

"इतकं ऊन आहे, सावकाश चाल," बाबा मागून म्हणाले.

"होय म्हणता आलं नाही तुम्हाला? एक होय?"

"खोटं झालं असतं."

"पाण्याखाली डोळे उघडे ठेवून बसायचं खरं होतं का? अख्ख्या मंडळीसमोर? उतरलात कशाला मग?"

"तू म्हणालीस म्हणून."

"मी पूर्ण म्हणाले होते!"

ते थांबले. त्यांच्या सदऱ्याची पाठ ओली होती. "जेवढा देता आला तेवढा दिला गं," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, चालेल."

त्यांना खरंच तसं वाटलं होतं. ते वानखडे वडिलांना फसवायला गेले नव्हते, मला धडा शिकवायला गेले नव्हते. मनातल्या मनात त्यांनी हिशोब जुळवला होता: जालन्याचं एवढं, सावळीखेडचं एवढं, मिळून एक माणूस पूर्ण. इतक्या साध्या गोष्टीत कुणाला अडचण काय असणार?

मी दार आपटून आत गेले. 

*

पेटी बाबांची स्वतःची होती. लग्नात आईच्या वडिलांनी दिलेली. हे मंडळीत कुणाला आठवत नव्हतं.

"घरी आणू," मी म्हणाले. "बसू देत त्यांना टाळ्या वाजवत."

"तिथंच राहू दे. गाणार कशावर लोक?"

वानखडे वडिलांचा पुतण्या पेटीवर बसायला लागला. झालेला. झाकलेला. थंडीत काळी पट्टी चिकटली की तो मूठ मारायचा.

*

पहिला रविवार.

बाबा शेवटच्या बाकावर माझ्याशेजारी बसले. पेटी सुरू झाली. भाकरीचं ताट पुढून निघालं, एकेक बाक मागे येत राहिलं. बाबांची बोटं पुढच्या बाकाच्या पाठीवर होती आणि पुतण्या जे वाजवत होता ते लाकडावर वाजवत होती. त्याच्या थोडं पुढे.

ताट आमच्या बाकावर आलं. बाबा टोकाला होते, म्हणून ते आधी त्यांच्या हातात आलं. त्यांनी बोटं उचलली. ताट दोन्ही हातांनी धरलं, क्षणभर त्यात बघितलं आणि माझ्याकडे दिलं.

मी तुकडा न घेता ताट पुढे करायला लागले.

"घे," ते कुजबुजले. "वेड्यासारखं करू नकोस. तुझं झालंय."

मी घेतला. पलीकडच्या टोकाला दान गोळा करत उभे असलेले वानखडे वडील आमच्याकडे बघत होते. मग त्यांनी छताकडे बघितलं.

असे पुढे किती पहिले रविवार गेले. बाबा एकदाही घरी राहिले नाहीत. मी पुष्कळदा म्हटलं, राहू द्या, डोकं दुखतंय म्हणा. ते सदरा घालायचे, भांग बसवायचे, माझ्या आधी दारात उभे असायचे. मला त्यांचा राग यायचा. वानखडे वडिलांचा यायचा. पाळकांच्या हातांचा यायचा, एवढे व्हॉलीबॉलचे हात. आज तीस वर्षं झाली. कुणाचा धरावा हे अजून ठरलेलं नाही.

*

बाबांना मी शेवटचं न्हाऊ घातलं तेव्हा कपाळावर तांब्या धरताना माझा हात थांबला. मग मी ओला पंचा घेतला आणि भुवयांपर्यंत पुसलं.

*

बाबा जन्मले त्या वर्षी त्यांच्या गावच्या विहिरी आटल्या होत्या. बाप्तिस्म्यासाठी आजीनं त्या पितळी वाटीत पाणी दिलं. त्या दिवशी घरात प्यायला तेवढंच होतं.